सिबिल म्हणजे काय रे भाऊ?

आपण इंजिनीअरिंगवाले लोक आकड्यांवर जगतो. सीईटीचे पर्सेंटाइल, सेमिस्टरचा एसजीपीए, अटेंडन्सचे पंच्याहत्तर टक्के. हे आकडे चांगले असोत की वाईट, निदान आपल्याला माहीत तरी असतात. चुकले असं वाटलं तर उत्तरपत्रिकेची फोटोकॉपी मागता येते, रिव्हॅल्युएशनचा फॉर्म भरता येतो. पण आणखी एक आकडा असा आहे, की जो आपल्या घरातल्या कर्ज घेतलेल्या जवळजवळ प्रत्येक माणसाच्या नावापुढे लिहिलेला असतो आणि त्या माणसालाच तो ठाऊक नसतो. बँकेतला साहेब कॉम्प्युटरवर बघतो, मान हलवतो आणि म्हणतो, "तुमचं सिबिल खराब आहे." बस्स, विषय संपला!

विषय तिथे संपत नाही, एवढंच सांगण्यासाठी हा लेख. त्या आकड्याचीही फोटोकॉपी मिळते आणि त्याचंही रिव्हॅल्युएशन होतं, तेही फुकट. हे माहीत नसल्यामुळे काही लोक पहिल्याच नकाराला गपचूप घरी परततात, तर काही लोक "सिबिल क्लीन करून देतो" म्हणणाऱ्याच्या हातावर हजारो रुपये ठेवतात. दोन्हीकडे नुकसान आपलंच.

सिबिल आलं कुठून?

पूर्वी गावात कोणाला उधार द्यायचं आणि कोणाला नाही, हे दुकानदाराच्या डोक्यात असायचं. बँकांना मात्र अडचण होती. एका बँकेचं बुडवून माणूस दुसऱ्या बँकेत गेला तर दुसरीला कळणार कसं? म्हणून रिझर्व्ह बँकेने नेमलेल्या कार्यगटाच्या शिफारशीनंतर २००० साली क्रेडिट इन्फर्मेशन ब्युरो इंडिया लिमिटेड ही कंपनी निघाली. तिच्या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांचं झालं सिबिल. २०१७ पासून तिचं नाव ट्रान्सयुनियन सिबिल आहे.

झेरॉक्स हे जसं कंपनीचं नाव असून आपण कुठल्याही फोटोकॉपीला झेरॉक्स म्हणतो, तसंच सिबिलचं झालं आहे. खरं तर अशा चार कंपन्यांना रिझर्व्ह बँकेची परवानगी आहे : ट्रान्सयुनियन सिबिल, एक्विफॅक्स, एक्स्पेरियन आणि सीआरआयएफ हाय मार्क. २०१५ साली रिझर्व्ह बँकेने बँका आणि फायनान्स कंपन्यांना चारही कंपन्यांचं सभासद व्हायला सांगितलं. म्हणजे आपलं एक कर्ज चार ठिकाणी नोंदलं जातं, आणि चूक झाली तर तीही चार ठिकाणी पोचू शकते.

या सगळ्यावर एक कायदा आहे. क्रेडिट इन्फर्मेशन कंपनीज कायदा २००५ सालचा, आणि तो १४ डिसेंबर २००६ पासून लागू झाला. पुढे ज्या हक्कांबद्दल लिहिलं आहे, त्यातले बरेच या कायद्यातून, त्याखालच्या नियमांतून आणि रिझर्व्ह बँकेच्या आदेशांतून आलेले आहेत.

रिपोर्ट आणि स्कोअर यांत फरक आहे

स्कोअर म्हणजे फक्त एक आकडा, ३०० ते ९०० च्या मधला. रिपोर्ट म्हणजे पूर्ण गुणपत्रिका. तो आकडा कशावरून आला हे रिपोर्टमध्ये दिसतं. त्यात साधारण चार भाग असतात.

पहिला भाग ओळखीचा : नाव, जन्मतारीख, पॅन, पत्ता, मोबाइल नंबर. दुसरा खात्यांचा : कुठलं कर्ज, कधी घेतलं, किती बाकी आहे, आणि प्रत्येक महिन्यापुढे डीपीडी, म्हणजे हप्ता किती दिवस थकला तो आकडा. शून्य असेल तर छान. तिसरा भाग खात्याच्या शेऱ्याचा. इथे "सेटल्ड" किंवा "रिटन ऑफ" असे शब्द येतात. सेटल्ड म्हणजे पूर्ण रक्कम न भरता तडजोड करून खातं मिटवलं. रिटन ऑफ म्हणजे बँकेने ते कर्ज आपल्या हिशोबात बुडीत धरलं. रिटन ऑफ म्हणजे कर्ज माफ झालं असं पुष्कळांना वाटतं, पण तसं नाही, वसुली चालूच राहते. चौथा भाग चौकशांचा : कर्जासाठी कुठकुठल्या बँकांनी आपला रिपोर्ट मागवला. महिनाभरात दहा ठिकाणी कर्ज मागत फिरलं, की हा माणूस अडचणीत आहे असा अर्थ निघतो. पण आपण स्वतः आपला रिपोर्ट काढून बघितला तर स्कोअर कमी होत नाही. ही भीती डोक्यातून काढून टाका.

ज्याने कधी कर्जच घेतलं नाही, त्याचा स्कोअर नसतो. आपल्यापैकी बहुतेक जण इथे मोडतात. असा कोरा रिपोर्ट म्हणजे खराब रिपोर्ट नव्हे. पहिल्यांदा कर्ज मागणाऱ्याचा अर्ज केवळ जुना इतिहास नाही म्हणून फेटाळू नये, असं रिझर्व्ह बँकेच्या ६ जानेवारी २०२५ च्या निर्देशात आहे, आणि २०२५ च्या ऑगस्टमध्ये अर्थखात्याने संसदेतही हेच सांगितलं.

बाबांचं पीककर्ज, आपलं शिक्षणकर्ज

आता आपल्या जिल्ह्याकडे येऊ. आपल्या होस्टेलमधल्या कितीतरी जणांच्या घरी शेती आहे. कापूस, सोयाबीन, तूर. शेती आली की पीककर्ज आलं. आणि पीककर्ज आलं की पावसावर आणि भावावर अवलंबून असलेली परतफेड आली.

२००६ साली पंतप्रधान मनमोहन सिंग विदर्भात आले, तेव्हा जाहीर झालेल्या ३,७५० कोटींच्या पॅकेजमध्ये जे सहा जिल्हे होते त्यांत यवतमाळ होता. त्यानंतर २००८ ची केंद्राची कर्जमाफी, २०१७ ची छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजना, २०१९ ची महात्मा जोतीराव फुले शेतकरी कर्जमुक्ती योजना. २०१७ मध्ये दीड लाखापर्यंतची थकबाकी माफ झाली आणि त्यावरच्या रकमेसाठी एकरकमी परतफेडीची सोय होती. २०१९ च्या योजनेत २ लाखांपर्यंतचं थकीत पीककर्ज होतं. कर्जमाफी मिळाली म्हणजे सातबाऱ्यावरचा बोजा गेला, असं घरात समजलं जातं. पण क्रेडिट रिपोर्ट हे वेगळं दप्तर आहे. या कंपन्यांना माहिती किमान सात वर्षं जपून ठेवावी लागते. त्यामुळे २०१९ च्या योजनेत बसलेल्या खात्याची थकबाकी, किंवा माफीनंतर बँकेने बंद म्हणून न कळवलेलं खातं, बाबांच्या रिपोर्टमध्ये अजूनही दिसत असू शकतं.

आणि मग मुलगा किंवा मुलगी शिक्षणकर्ज मागायला जाते. शिक्षणकर्जात आई किंवा वडील सहकर्जदार असतात. म्हणजे शिकणार आपण, पण रिपोर्ट बघतात बाबांचा. ज्याने आयुष्यात कधी कर्ज घेतलं नाही त्याला उत्तर मिळतं, सिबिल खराब आहे. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात तसं. इथे तर कोणी चोरही नाही, पाऊस आला नाही एवढंच.

यावर काय म्हणता येतं? पहिली गोष्ट, इतकाच स्कोअर हवा असा कमीत कमी आकडा रिझर्व्ह बँकेने ठरवून दिलेला नाही. प्रत्येक बँक आपलं धोरण ठरवते. दुसरी गोष्ट, बँकांच्या संघटनेच्या आदर्श शिक्षणकर्ज योजनेप्रमाणे शाखेने स्वतःच्या पातळीवर अर्ज फेटाळायचा नसतो, त्याला वरच्या अधिकाऱ्याची संमती लागते. त्याच योजनेत साडेसात लाखांपर्यंतच्या कर्जाला मालमत्ता तारण लागत नाही. म्हणून काउंटरवरच्या तोंडी नकारावर परत फिरू नका. अर्ज द्या, पोच घ्या आणि नकार असेल तर लेखी मागा.

तिसरी गोष्ट केरळची. २०२३ च्या मे महिन्यात तिथल्या उच्च न्यायालयासमोर एका विद्यार्थ्याचं प्रकरण होतं. त्याच्या आधीच्या दोन कर्जांमुळे त्याचा स्वतःचा स्कोअर घसरला होता, त्यामुळे बँक शिक्षणकर्ज देत नव्हती. नुसता सिबिल स्कोअर कमी आहे म्हणून शिक्षणकर्ज नाकारू नये, विद्यार्थ्यांकडे माणुसकीच्या नजरेने बघावं, असं न्यायालयाने म्हटलं आणि रक्कम द्यायला सांगितली. केरळचा निकाल महाराष्ट्रातल्या न्यायालयांवर बंधनकारक नसतो, पण दाखला म्हणून दाखवता नक्की येतो.

पीककर्जाचं म्हणाल तर २०२५ च्या मे महिन्यात मुंबईत राज्यस्तरीय बँकर्स समितीच्या बैठकीत मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी बँकांना बजावलं, की शेतकऱ्यांकडे पीककर्जासाठी सिबिलचा आग्रह धरू नका. उपमुख्यमंत्री असताना २०२४ मध्येही त्यांनी हेच सांगितलं होतं. एकच गोष्ट पुन्हा सांगावी लागते, यातच सगळं आलं. तरी बाबा पीककर्जासाठी बँकेत जातील तेव्हा हे त्यांना माहीत असलेलं बरं.

रिपोर्टमध्ये चुका कशा होतात?

कॉम्प्युटर चुकत नाही असं आपण म्हणतो. पण त्यात माहिती भरणारा माणूसच असतो, आणि दोन नोंदी एकाच माणसाच्या आहेत की नाही हे नाव, जन्मतारीख, पत्ता आणि पॅन जुळवून ठरवलं जातं.

आता आपल्याकडचा विचार करा. पुसद, दिग्रस, दारव्हा भागातल्या एखाद्या तांड्यावर राठोड, चव्हाण, पवार, जाधव याच आडनावांची घरं एकाला लागून एक असतात. नावंही त्याच त्याच चार-पाच नावांतली. त्यात आपल्या वडिलांच्या पिढीतली अर्धी मंडळी १ जूनला जन्मलेली! शाळेत नाव घालताना खरी तारीख कोणाला आठवत नसे, मग गुरुजी १ जून लिहून मोकळे होत. समजा, एकाच तांड्यावर एकाच नावाची, एकाच जन्मतारखेची दोन माणसं आहेत आणि जुन्या कर्जखात्याला पॅन जोडलेला नाही. एकाची थकबाकी दुसऱ्याच्या रिपोर्टमध्ये जाऊन बसायला कितीसा वेळ लागणार?

दुसरी चूक म्हणजे कर्ज फिटलं, पण बँकेने खातं बंद झाल्याचं कळवलंच नाही. तिसरी म्हणजे आपण कधी न घेतलेलं कर्ज. कोणीतरी आपल्या आधार-पॅनच्या झेरॉक्सवर काढलेलं. चौथी चूक शेऱ्याची. दुष्काळ-गारपिटीमुळे किंवा सरकारच्या आदेशाने कर्जाचं पुनर्गठन झालं असेल तर तसं वेगळं नोंदवण्याची सोय असते, पण शाखेने ती वापरली पाहिजे ना!

पाचवी गोष्ट चूक नाही, पण पुष्कळांना माहीत नसते. आपण ज्याला जामीन राहिलो त्याचं कर्ज आपल्याही रिपोर्टमध्ये येतं. आपल्या कॉलेजच्या स्टाफमधल्या सर-मॅडम आणि काकांनी हे विशेष लक्षात ठेवावं. सहकाऱ्याच्या फॉर्मवर चहा पिता पिता केलेली सही पुढे आपल्याच घरकर्जाच्या आड येऊ शकते.

आपले हक्क

आता मुद्द्याचं. हा भाग कापून कपाटाच्या दाराला चिकटवला तरी चालेल.

१) फुकट रिपोर्ट. १ जानेवारी २०१७ पासून प्रत्येक कंपनीने वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट स्कोअरसकट फुकट द्यायचा आहे. कंपन्या चार, म्हणजे वर्षाला चार रिपोर्ट. दर तीन महिन्यांनी एकेका कंपनीचा काढला तर वर्षभर लक्ष राहतं. त्याहून जास्त वेळा हवा असेल तर फी १०० रुपयांपेक्षा जास्त घेता येत नाही. कंपनीच्या स्वतःच्या वेबसाइटवर जा. साइट आधी पैशांचे प्लॅन पुढे करते, फुकटचा पर्याय शोधावा लागतो.

२) नकाराचं कारण. रिपोर्ट बघून बँकेने कर्ज नाकारलं तर २००६ च्या नियमावलीप्रमाणे तिने ३० दिवसांत लेखी कळवायचं असतं. नेमकं कारण, ज्या रिपोर्टवरून नाकारलं त्याची प्रत, आणि तो देणाऱ्या कंपनीचं नाव-पत्ता. हीच ती आपली उत्तरपत्रिकेची फोटोकॉपी.

३) दुरुस्ती. चूक दाखवल्यावर ३० दिवसांच्या आत निकाल लागला पाहिजे. यातले २१ दिवस बँकेचे, उरलेले कंपनीचे.

४) उशिराची भरपाई. २६ ऑक्टोबर २०२३ च्या आदेशाने रिझर्व्ह बँकेने ठरवलं, की ३० दिवसांत तक्रार मिटली नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये तक्रारदाराला द्यायचे. हा नियम एप्रिल २०२४ पासून लागू आहे. बँकेने २१ दिवसांत काम केलं नसेल तर भरपाई बँकेने द्यायची, बँकेने वेळेत करूनही कंपनीने लांबवलं तर कंपनीने.

५) कारण सांगण्याची सक्ती. दुरुस्तीची मागणी फेटाळली तर का फेटाळली हे त्यांनी सांगितलंच पाहिजे.

६) सूचना. आपला रिपोर्ट कोणी मागवला तर एसएमएस किंवा ईमेल यायला हवा. त्यासाठी बँकेत आपला चालू मोबाइल नंबर असला पाहिजे. बाबांचा जुना, बंद पडलेला नंबर खात्याला असेल तर या सुट्टीत पहिलं काम ते करा.

७) ताजी माहिती. १ जानेवारी २०२५ पासून बँकांनी निदान दर पंधरवड्याला माहिती पाठवायची आहे. त्यामुळे "वर्षभराने आपोआप होईल" हे उत्तर आता चालत नाही.

तक्रार करायची कशी?

पायरी पहिली : रिपोर्ट काढा आणि चुकीच्या ओळीखाली पेन्सिलने रेघ मारा. नाव, खाते क्रमांक, रक्कम, तारीख, शेरा, प्रत्येक गोष्ट बघा. रिपोर्ट इंग्रजीतून असतो आणि इथेच आपला उपयोग आहे. आम्हा कॉन्व्हेंटवाल्यांच्या मराठीवर मेसमध्ये सगळे हसतात ते हसोत, पण बाबांच्या शेजारी बसून हा कागद ओळीओळीने समजावून सांगणं, एवढं तरी त्या इंग्रजीने होऊ दे.

पायरी दुसरी : पुरावा जमवा. कर्ज फेडल्याची पावती, बेबाकी दाखला म्हणजे नो ड्यूज, कर्जमाफीच्या यादीतलं नाव, खात्याचा उतारा.

पायरी तिसरी : कंपनीच्या साइटवर डिस्प्यूट नोंदवा आणि त्याच दिवशी बँकेलाही लेखी अर्ज द्या. हे दोन्हीकडे का, तर नोंदीचा मालक बँक आहे. बँकेने हो म्हटल्याशिवाय कंपनी स्वतःहून खात्याची नोंद बदलत नाही. अर्जाच्या प्रतीवर शाखेचा शिक्का, तारीख आणि सही घ्या. ३० दिवस त्या तारखेपासून मोजायचे आहेत.

पायरी चौथी : ३० दिवसांत उत्तर नाही किंवा उत्तर पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करा. १ सप्टेंबर २०२२ पासून या क्रेडिट कंपन्याही लोकपालाच्या कक्षेत आहेत. तक्रार ऑनलाइन करता येते, साध्या कागदावर लिहून चंदीगडच्या रिझर्व्ह बँकेत पोस्टानेही पाठवता येते. फी नाही, वकील लागत नाही. माहितीसाठी १४४४८ हा नंबर आहे.

पायरी पाचवी : नुकसान झालं असेल तर जिल्हा ग्राहक आयोग आहेच. पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला तिथे फी लागत नाही. ग्राहक हेल्पलाइन १९१५. अर्ज लिहायला मदत हवी असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. महिला, अनुसूचित जाती-जमातीचे आणि कमी उत्पन्नाचे लोक यांना तिथे मोफत वकील मिळतो.

"सिबिल क्लीन करून देतो"

आता या विषयातली सगळ्यात गोड भाषा. "३० दिवसांत सिबिल ७५० प्लस", "सेटल्ड काढून टाकू", "बँकेत आपली ओळख आहे". अशा जाहिराती मोबाइलवर येतात, भिंतीवर आणि विजेच्या खांबावरही चिकटवलेल्या दिसतात.

इंजिनीअरिंगच्या भाषेत विचारू या. इनपुट काय, प्रोसेस काय, आउटपुट काय? रिपोर्टमधली नोंद दोन प्रकारची असते, चुकीची किंवा खरी. चुकीची असेल तर ती दुरुस्त करायचा हक्क आपल्याला फुकट आहे, वर लिहिलेल्या पायऱ्यांनी. एजंट त्यापेक्षा वेगळं काही करत नाही. तोच डिस्प्यूट तो आपल्या नावाने भरतो आणि फी घेतो. आणि नोंद खरी असेल तर ती एजंटलाच काय, कंपनीच्या मॅनेजरलाही पुसता येत नाही. म्हणजे पहिल्या प्रकारात त्याची गरज नाही आणि दुसऱ्या प्रकारात त्याचा उपयोग नाही. परीक्षेनंतर "आतून मार्क वाढवून देतो" म्हणणारे जसे असतात, तसाच हा प्रकार.

पैसे जातात ते जातात, धोका पुढेच असतो. हे लोक आधार, पॅन आणि ओटीपी मागतात. ज्याच्या हातात या तीन गोष्टी गेल्या, तो आपल्या नावावर नवीन कर्ज काढू शकतो. सिबिल सुधारायला गेलो आणि आणखी एक थकीत खातं घेऊन आलो! असं झालंच तर वेळ न घालवता १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा.

याच जातीचा दुसरा धंदा म्हणजे कर्जमाफीचं सर्टिफिकेट. ११ डिसेंबर २०२३ ला रिझर्व्ह बँकेने पत्रक काढून सावध केलं, की काही लोक सेवाशुल्क किंवा कायदेशीर फी घेऊन, कुठलाही अधिकार नसताना कर्जमाफीची प्रमाणपत्रं वाटत आहेत आणि बँकांचे हप्ते भरू नका असं सांगत आहेत. त्या कागदाने कर्ज माफ होत नाही, उलट थकबाकी वाढते. कर्जमाफीच्या बातम्या ऐकत मोठ्या झालेल्या आपल्या जिल्ह्यात असा कागद खरा वाटणं किती सोपं आहे, हे वेगळं सांगायला नको.

अमेरिकेत हा धंदा इतका वाढला, की १९९६ साली त्यावर वेगळा कायदा करावा लागला. काम पूर्ण होण्याआधी पैसे घ्यायचे नाहीत, गिऱ्हाइकाला करार तीन कामाच्या दिवसांत मोडता आला पाहिजे, आणि "हे काम तुम्ही स्वतः फुकट करू शकता" असं लेखी सांगितलं पाहिजे, असे नियम त्यात आहेत. आपल्याकडे या एजंटांसाठी असा वेगळा कायदा नाही. तोपर्यंत ते शेवटचं वाक्य आपणच एकमेकांना सांगू या.

मग खरी नोंद असेल तर काहीच उपाय नाही का? आहे, पण तो शॉर्टकट नाही. थकलेली रक्कम भरायची, शक्य असेल तर तडजोडीऐवजी पूर्ण भरून खातं "क्लोज्ड" करून घ्यायचं, दाखला जपून ठेवायचा आणि पुढचे हप्ते वेळेवर भरत राहायचे. स्कोअर हळूहळू वर येतो. पूर्ण भरणं जमतच नसेल तर तडजोड करणं यात लाज काहीच नाही, फक्त "सेटल्ड" हा शेरा राहणार हे माहीत असून करा.

आणि आपलं काय?

हे सगळं बाबांच्या कर्जाचं झालं. पण आपल्या रूममध्येही सिबिल शिरलेलं आहे. मोबाइल हप्त्यावर घेतला, ते कर्जच. अॅपवरून दोन-तीन हजार उचलले, तेही कर्जच. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार अॅपवरून दिलेलं कर्ज कितीही छोटं आणि कितीही कमी दिवसांचं असलं तरी ते क्रेडिट कंपन्यांना कळवावं लागतं. मेसचं बिल थकलं तर मेसवाले काका फार तर ओरडतील. अॅपचं थकलं तर ते वर्षानुवर्षं लिहिलेलं राहील. उधारीचे पोते सव्वा हात रिते, ही जुनी म्हण आहे. आता ते पोतं किती रितं आहे हे चार कंपन्यांना दिसतं, एवढाच फरक. अॅप खरं की खोटं हे बघायला रिझर्व्ह बँकेने आपल्या साइटवर २०२५ पासून यादी ठेवली आहे, ती आधी बघा.

मित्राला स्वतःच्या नावावर फोन काढून देऊ नका. तो कितीही जवळचा असो, हप्ता चुकला तर नाव आपलं लागतं.

आपल्यातले बरेच जण बँकेच्या परीक्षा देतात. बँकभरतीच्या जाहिरातींत आता उमेदवाराचा कर्जाचा इतिहास चांगला असावा अशी अट असते. २०२५ च्या जूनमध्ये मद्रास उच्च न्यायालयापुढे एक प्रकरण आलं. स्टेट बँकेने निवड झालेल्या एका उमेदवाराची नेमणूक त्याचे जुने थकलेले हप्ते बघून रद्द केली होती. त्याने नंतर कर्ज फेडलं होतं, तरी न्यायालयाने बँकेचा निर्णय कायम ठेवला. हे वाचून घाबरू नका, पण पास झाल्यानंतर कळण्यापेक्षा आत्ता कळलेलं बरं.

शेवटी एक गोष्ट सांगावीशी वाटते. स्कोअर हा माणसाच्या नियतीचा आकडा नाही. तो फक्त सांगतो की हप्ता ठरल्या दिवशी आला की नाही. पाऊस आला होता की नाही, कापसाला भाव मिळाला होता की नाही, बोंडअळी पडली होती की नाही, हे त्याला कळत नाही. बँकेतून मान खाली घालून परत आलेल्या बाबांना हे कोणीतरी सांगायला हवं. आणि त्याच वेळी हेही सांगायला हवं, की चुकीची नोंद नशीब म्हणून सोसायची नसते, ती दुरुस्त करून घ्यायची असते.

दिवाळीच्या सुट्टीत घरी जाल तेव्हा फराळ झाल्यावर एक तास काढा. आई-बाबांचा रिपोर्ट काढा, त्यांना वाचून दाखवा, आणि चूक सापडली तर अर्ज तुम्हीच लिहा. कंपनीची फी शून्य, एजंटची फी शून्य. खर्च काय तो बँकेत द्यायच्या अर्जाच्या झेरॉक्सचा.